खडकेबाईंचं बोट

तीन

"बोट द्या, बाई."

"घ्या. पण मागच्या भोकाच्या शेजारी टोचा. त्याच भोकात नको, ते अजून हुळहुळतंय."

खडकेबाईंनी डावा हात टेबलावर ठेवला आणि अनामिका पुढे केली. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला. दुसरा थेंब काचपट्टीच्या टोकाला घेतला आणि दुसऱ्या पट्टीने सरकन पुढे ओढला. काचेवर रक्ताची पातळ जीभ उमटली.

"बरं ओढता हो आता," बाई म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात भिंतीला चुना लावल्यागत लावत होता."

"तुमचं बोट सरावाचं आहे म्हणून."

"सरावाचं? डॉक्टर, ह्या बोटावर चार जण एम.डी. झाले. तुम्ही पाचव्या. एक जण अमेरिकेत गेला. बोट इथंच."

बाई हसल्या, बोटाला कापूस दाबला आणि रंग बनवायला उठल्या. रंगाच्या बाटलीचं झाकण उघडताना त्यांनी पदर नाकाला लावला. हे मी पाहिलं. पाहिलं एवढंच.

दोन

वर जे आकडे टाकते आहे, त्यांचं सांगून टाकते.

मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात, पॅथॉलॉजीच्या खात्यात, मी एम.डी. करत होते. त्याला आता छत्तीस-सदतीस वर्षं झाली. माझा प्रबंध रक्तक्षयावर होता. आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी लढणाऱ्या. त्यांच्यात एक एन्झाइम असतं. अंगातलं हिमोग्लोबिन उतरलं की त्या एन्झाइमचंही काही कमीजास्त होतं का, एवढाच प्रश्न. उत्तरासाठी मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दर काचेवरच्या शंभर पेशी मोजायच्या. रंग दिला की एन्झाइमचे निळे दाणे दिसतात. एकही दाणा नाही, शून्य. पेशी दाण्यांनी गच्च भरलेली, चार. मधले एक, दोन, तीन. शंभर पेशींच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या माणसाचा आकडा.

वर्षभर हेच केल्यावर माणूस कशालाही गुण द्यायला लागतो. मेसच्या आमटीला. पाहुण्यांनी आणलेल्या स्थळाला. आता आठवणींना देते. किती रंग शिल्लक आहे, त्याप्रमाणे.

एक

हा भाग फिका आहे, पण त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

रंग दर मंगळवारी ताजा बनवावा लागे. तो कधी गडद उतरायचा, कधी फिका. म्हणून आठ पेशंटांच्या काचांबरोबर एका धडधाकट माणसाची काच त्याच भांड्यात, त्याच वेळी बुडवायची. त्या माणसाला कंट्रोल म्हणतात. त्याचा आकडा जागेवर असेल तर रंग ठीक. तो हलला तर त्या दिवसाचे आठही पेशंट बाद.

आमच्या खात्याचा कंट्रोल म्हणजे खडकेबाई. तंत्रज्ञ म्हणून अकरा वर्षं नोकरी, हिमोग्लोबिन साडेबारा, कधी ताप नाही की खोकला नाही. घरी सासूबाई, झेडपीच्या शाळेत मास्तर असलेले यजमान आणि दोन शेळ्या. डब्यात रोज ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी. तिच्या वासाने आमच्या बिडवई सरांना त्यांच्या केबिनमध्ये शिंका यायच्या.

"आकाशातला ध्रुव हलेल, खडकेबाई हलायच्या नाहीत," असं बिडवई सर दर नव्या बॅचला सांगायचे. सर म्हणजे आमचे खातेप्रमुख आणि माझे गाइड. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यामुळे भीती जास्त वाटायची.

तीन

पेशंट मात्र बोलक्या. रक्त उतरलेल्या, पांढुरक्या ओठांच्या, बाकावर ओळीने बसलेल्या बायका. प्रत्येकीचा मी एक फॉर्म भरायचे. त्यात एक प्रश्न चुकवायचा नाही असं सरांनी बजावलं होतं.

"मावशी, शेवटची पाळी कधी आली होती?"

"अवसेच्या आदल्या दिशी."

"कुठल्या अवसेच्या?"

"आता कुठल्या म्हंजी? बैलं धुतली त्या."

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायचे आणि पोळ्याची तारीख शोधून लिहायचे. तारखेत सांगणारी बाई मला वर्षभरात एकच भेटली, ती पोस्टमास्तरांची होती.

"पन हे कशाला इचारता, बाईसायब?"

"दिवस गेलेले असले तर रक्त बदलतं, मावशी. मग तुम्हाला माझ्या यादीत घेता येत नाही."

"मग न्हाई घेतलं तरी चालंल की!" ती म्हणाली आणि सगळा बाक खिदळला.

रंगाच्या टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या खडकेबाईसुद्धा हसल्या. खांदे हललेले आठवतात.

दोन

६४
६६
६३
७९
९७
११८
१३१

हे शेवटचे सात मंगळवार. हे एकाच बोटाचे आकडे.

एकोणऐंशीला मी म्हटलं, चालायचंच. सत्त्याण्णवला डोळे धुऊन आले आणि पुन्हा मोजलं. एकशे अठराला जेवले नाही. एकशे एकतीसच्या दिवशी खात्यात आम्ही दोघीच होतो. पेशंट तर दर वेळी नवे, त्यांचा आकडा चढला की उतरला हे कशावरून सांगणार? दर मंगळवारी तेच माणूस असं एकच होतं, आणि ते निसटून चाललं होतं. चार मंगळवारांचे मिळून बत्तीस पेशंट. एकूण ऐंशी. प्रबंध जमा करायला अडीच महिने. बत्तीस बायका पुन्हा कुठून आणायच्या? नाही आणल्या तर परीक्षा सहा महिने पुढे, आणि पुण्याची मिळालेली नोकरी दुसऱ्या कुणाची तरी.

"बाई," मी हळूच म्हटलं, "चारही मंगळवारी सत्तरच्या आसपास लिहू का?"

"काय दिसलं?"

"एकशे एकतीस."

"मग सत्तर कुठून आलं?"

"कुणाला कळणार आहे?"

बाई काचा पुसत होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं. "डॉक्टर, बोट माझं आहे. माझ्या बोटाच्या नावावर खोटं नको. जे दिसलं ते लिहा, अन् सरांना दाखवा. फार तर ओरडतील."

"ते ओरडत नाहीत, बाई. तेच तर."

"मग भ्यायचं काय त्यात?"

मी एकशे एकतीस लिहिलं.

दोन

सर ओरडले नाहीत. त्यांनी सातही काचा मागवल्या. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरची चिकटपट्टी घेऊन प्रत्येक काचेवरची तारीख झाकली, पत्त्यांसारख्या काचा पिसल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

"मोजा. कुठली कधीची, हे तुम्हाला ठाऊक नाही. आता डोळ्याला ढोंग करता येणार नाही."

मी मोजलं. तीन तास लागले. सरांनी पट्ट्या सोलल्या. दोन-चार गुणांचा फरक सोडला तर तेच सात आकडे, त्याच चढाने.

"डोळे ठीक आहेत," सर म्हणाले. "म्हणजे रंग बिघडला." आणि त्यांनी खडकेबाईंकडे पाहिलं.

"सर, मी नवी बाटली उघडून पाहिली. वजन दोनदा केलं. फरक नाही."

"महिनाभर पाहतोय मी. नाकाला पदर लावून घाईघाईने रंग ढवळता. पूर्वी अर्धा तास उभ्या असायच्या तिथे."

"वास चढतो, सर, हल्ली."

"अकरा वर्षं चढला नाही, तो आत्ताच चढतो?" सरांनाही ते जड जात असावं. "बाई, अकरा वर्षांनी हात सैल पडतो. कुणाचाही. सोमवारपासून तुम्ही लघवीच्या काउंटरवर बसा. रंग तिथला बोराडे बनवेल. आणि उदगीरकर, कंट्रोल बदला. जुन्या कंट्रोलचा फॉर्म भरून बंद करा. शेवटी लिहा, वगळले, कारण रंगातील दोष. ते बत्तीस पेशंट बाद."

लघवीचं काउंटर म्हणजे नव्याने लागलेल्या पोरांची जागा. बाई सिंककडे गेल्या आणि रंगाची स्वच्छ भांडी पुन्हा घासायला लागल्या.

सत्तर लिहिलं असतं तर, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बाईंनी वळूनही न पाहता म्हटलं, "म्हणू नका. लिहिलं ते बरोबर लिहिलं."

तीन

शनिवार. अर्धा दिवस. खातं रिकामं. जुन्या कंट्रोलचा फॉर्म बंद करायचा, तर तो आधी भरलेला हवा. बाईंचा फॉर्म कुणी कधी भरलाच नव्हता. पाच जणांपैकी एकानेही नाही. ज्यांचं बोट दर मंगळवारी हातात असायचं, त्यांना काय विचारायचं?

नाव: चंद्रकला वसंत खडके.

वय: "पस्तीस लिहा. सर्व्हिस बुकात तेहेतीस आहे, ते सरकारचं झालं."

आहार: "मिश्र. पण मटणाला मास्तरांची परवानगी लागते, अन् मास्तरांना सासूबाईंची."

ताप, जखम, गळू: नाही.

चालू औषधं: "काही नाही." मग जरा वेळाने, "पूर्वी फार होती. औरंगाबाद झालं, पुणं झालं, एक वैद्य झाला. सहा वर्षांपूर्वी मास्तर म्हणाले, पुरे आता. सगळं बंद केलं."

मुलं:

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "रेघ मारा तिथं."

मी रेघ मारली. अकरा वर्षांत खात्यात हा विषय कुणी काढत नसे. मीही काढला नव्हता.

शेवटची पाळी:

"ते काय लिहायचं? माझं कायमच मागंपुढं. मी मोजणं सोडून दिलंय."

"फॉर्म आहे, बाई. अंदाजे सांगा. पोळ्याला?"

"पोळ्याला..." बाई आठवू लागल्या. "पोळ्याला पुरण मीच वाटलं. बैल नाहीत आमच्यात, पण शेळ्यांनाही ओवाळते मी. नाही, पोळ्याला बाजूला बसले नव्हते."

"गणपतीत?"

"छे. गौरींचा सगळा स्वयंपाक माझ्याकडंच होता. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, यंदा सुनेनं एकटीनं..." बाई थांबल्या. "घटही मीच बसवले. नऊ दिवस मीच माळ घातली."

मी कॅलेंडरकडे गेले नाही. पेन हातात धरून बसले.

"नागपंचमीला बसले होते," बाई सावकाश म्हणाल्या. "लाह्या सासूबाईंनी फोडल्या होत्या. ते आठवतंय." आणि मग त्या माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सगळे सण मीच केले की हो ह्या वर्षी."

ऐंशी बायकांना विचारलेला प्रश्न होता तो. दिवस गेलेले असले तर हा आकडा भराभर चढतो, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

"बाई, वास चढतो म्हणालात..."

"गप बसा," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच अशा बोलल्या माझ्याशी. "गप बसा जरा. काही बोलू नका."

चार

लघवीचं काउंटर बंद होतं. किल्ली बाईंकडे सोमवारसाठी दिलेलीच होती. त्यांनी फ्रिजमधून दिवस गेलेत का ते पाहायच्या तपासणीचं किट काढलं. सकाळी आलेल्या दोन बायकांच्या नळ्या उरल्या होत्या, त्याही काढल्या. मग आत जाऊन आल्या. तिसरी नळी.

"डॉक्टर, सरांसारखं करायचं."

"म्हणजे?"

"माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. ह्या तपासणीत मी स्वतःला सहा वेळा हो म्हणून बसलेय. एकदाही खरं निघालं नाही." त्यांनी चिकटपट्टी फाडली, तिन्ही नळ्यांवरची नावं झाकली. "तिकडं तोंड करा. मी नळ्या फिरवते. मग मीही तिकडं तोंड करते, तुम्ही फिरवा. वाचायचं तुम्ही. दोघींनाही ठाऊक नसलं पाहिजे."

त्या काळची ती तपासणी उलटी असायची. काळ्या काचेवर एक थेंब लघवी, एक थेंब औषध आणि वर दुधासारखं पांढरं द्रावण. काच हातात धरून दोन मिनिटं हलवत राहायचं. दूध नासलं, बारीक गुठळ्या झाल्या, तर दिवस गेलेले नाहीत. तसंच्या तसं राहिलं तर गेले. काहीही घडलं नाही, म्हणजे घडलं.

थेंब बाईंनी टाकले. हात सैल पडला म्हणे. एकही थेंब रेषेबाहेर गेला नाही. मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी काच हलवत होते. घड्याळातला काटा ऐकू येत होता.

"पहिला?" भिंतीकडून आवाज आला.

"नासतोय. नासला."

"दुसरा?"

"थांबा. दीडच मिनिट झालंय." काच उजवीकडे, काच डावीकडे. "बाई, दुसरा नाही नासला."

"घाई करू नका. पूर्ण होऊ द्या. तिसरा?"

"नासला."

"दुसरा बघा."

"नाही नासला. दूधच आहे."

बाई वळल्या. काचेकडे पाहिलं नाही, नळ्यांकडे गेल्या. त्यांनी आधी पहिल्या नळीची पट्टी सोलली. नंतर तिसरीची. दोन्ही सकाळच्या बायका. मधल्या नळीला हात लावेनात.

"तुम्ही सोला," त्या म्हणाल्या.

मी पट्टीचं टोक नखाने उचललं. पट्टीला चिकटून नावाचं पहिलं अक्षर निघून आलं. उरलेली अक्षरं नळीवर होती. बाईंच्याच वळणदार हस्ताक्षरात. डके.

"परत करा," बाई म्हणाल्या.

परत केलं. मग आणखी एकदा.

"किट संपेल, बाई."

"संपू द्या! सरकारचं आहे!" आणि त्या स्टुलावर बसून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडावर पदर, आणि खांदे हलताहेत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर त्यांनी तो हात धरून ठेवला. "मास्तरांना कसं सांगू हो? त्यांना खरं वाटायचं नाही."

"काचा घेऊन जा."

"मास्तर मराठी शिकवतात, त्यांना काचेतलं काय कळतंय."

दोन

सोमवारी सर ऐकत राहिले. चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"गर्भारपणात हा आकडा चढतो, हे मी दर वर्षी शिकवतो."

"हो सर. मी ऐंशी जणींना विचारलं. बाईंना नाही."

"मीही नाही." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बोराडेला सांगा, रंग खडकेबाईच बनवतील. खिडकी उघडी ठेवून. पंखा मागवून घ्या." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्याचा कंट्रोल कोण? तुमचं बोट चालेल?"

"माझं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा आहे, सर."

"रक्तक्षयावर प्रबंध लिहिता आणि..." दुसऱ्या दिवशी सर स्वतःच येऊन बसले, बाही कोपरापर्यंत सारली; मला खरं तर बोटच हवं होतं. हात टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "झालं का?"

"अजून टोचलं नाही, सर."

पार्टिशनमागे कुणीतरी हसू दाबलं. बाईंनीच बनवलेल्या रंगात सरांचा आकडा आला एकसष्ट, आणि बाईंचा, त्याच भांड्यात, एकशे एकोणचाळीस. रंग ठीक होता. बत्तीस पेशंट परत आले.

एक

प्रबंध वेळेत जमा झाला. हिमोग्लोबिन उतरलं म्हणून ते एन्झाइम सरळ रेषेत चढतं किंवा उतरतं, असं माझ्या ऐंशी बायकांत काही निघालं नाही. ठिपके कागदभर विखुरलेले होते. मी सरांना म्हटलं, वर्ष फुकट गेलं. सर म्हणाले, "जे दिसलं ते लिहा." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, पण ते कुणाचं, हे सरांना सांगितलं नाही. पुण्याची नोकरी हातातून गेली नाही. मे महिन्यात खडकेबाईंना मुलगी झाली, पावणेसहा पौंडांची, आणि बारशाला बिडवई सर लसणाची चटणी दोनदा मागून जेवले.

ह्यातलं बरंचसं पुसट झालंय.

चार

हे त्या सोमवारचंच आहे. मधेच सांगून टाकायचं नव्हतं म्हणून शेवटी ठेवलं.

फॉर्म बंद करायचा राहिला होता. सर जेवायला गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि समोर बसल्या, पेशंटच्या बाकावर. मी खालच्या ओळीवर लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"नेहमीचंच, बाई. यादीतून काढल्याचं."

"वाचून दाखवा. नावापासून."

"चंद्रकला वसंत खडके. वय पस्तीस. आहार मिश्र. ताप, जखम, गळू नाही. औषधं नाहीत. मुलं..." तिथे मी मारलेली रेघ होती. मी पेन उचललं.

बाईंनी माझं मनगट धरलं. "असू द्या. अजून खरं झालं नाही ते. झालं की लिहू."

"शेवटची पाळी, नागपंचमी." ही एकच ओळ मी तारखेत लिहिली नव्हती. "वगळले. कारण, गर्भधारणा."

बाई डाव्या हाताची अनामिका उजव्या हाताच्या मुठीत धरून बसल्या होत्या.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी नावापासून परत वाचलं.